मुलांमधील दम्याचे निदान आणि श्वासमार्ग-उद्दीपन चाचण्या : एक तौलनिक समीक्षा
(विशेष संदर्भ : टिटवाळा परिसर)

सारांश

मुलांमधील दम्याचे निदान लक्षणांवरून आणि साध्या श्वसनमापनावरून निश्चित होत नाही, तेव्हा श्वासमार्गाला मुद्दाम उद्दीपित करून त्याची प्रतिक्रिया मोजणाऱ्या चाचण्या केल्या जातात. मेथाकोलिन, व्यायाम, मॅनिटॉल आणि तीव्र मिठाचे पाणी या चार चाचण्यांची तुलना करणारे लेखन विपुल आहे. मात्र या तुलनेत हवामान, स्थान आणि तपासल्या जाणाऱ्या मुलांचा गट यांचा विचार दुय्यम ठरतो. प्रस्तुत लेखात मुंबईतील मुलांवरील एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा आकडा आणि कोकणपट्टीतील हवेची आर्द्रता या दोन बाबींच्या आधारे सदर तुलनेची चिकित्सा केली असून, टिटवाळ्यासारख्या उपनगरी गावातील मुलासाठी या चाचण्यांचा क्रम कोणता असावा याचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : बालदमा, श्वसनमापन, उद्दीपन चाचणी, सीमामूल्य, आर्द्रता.

१. प्रस्तावना

दमा हा श्वासमार्गाचा दीर्घकालीन दाहजन्य विकार आहे. श्वासनलिका वेळोवेळी आकुंचन पावणे आणि उपचाराने किंवा आपोआप पुन्हा मोकळ्या होणे, हे त्याचे मुख्य लक्षण होय. हे चढउतार हाच रोगाचा स्वभाव असल्याने निदानाची अडचणही तेथेच निर्माण होते. रात्री धाप लागलेले मूल सकाळी दवाखान्यात पोहोचते तेव्हा त्याची छाती स्वच्छ असते आणि श्वसनमापनाचा आलेखही निर्दोष येतो.

मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावरील टिटवाळा हे महागणपतीच्या मंदिरामुळे सर्वश्रुत असलेले गाव आता कल्याण-डोंबिवलीच्या विस्ताराचा भाग बनले आहे. काळू नदीचा काठ, चार महिन्यांचा दमट पावसाळा, पावसाळा सरल्यावर तालुक्याच्या ग्रामीण भागात पेटणाऱ्या वीटभट्ट्या आणि नव्या इमारतींच्या बांधकामांची धूळ, अशा परिसरात वाढणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या मुलाचा खोकला महिनोन्महिने थांबत नाही, तेव्हा त्याच्या पालकांच्या हाती बहुधा तीन गोष्टी पडतात : खोकल्याच्या औषधाची बाटली, 'ॲलर्जिक ब्राँकायटिस' हे मोघम नाव आणि 'पंपाची सवय लागते' हा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा सल्ला. दम्याचे नाव उच्चारले गेलेच तर मुलीच्या लग्नाची चिंता आणि मुलाच्या मैदानावरील खेळाला बंदी, असे त्याचे सामाजिक पडसाद उमटतात.

निदान हुकण्याची आणि निदान उगाच लादले जाण्याची अशी दुहेरी किंमत मुलालाच मोजावी लागते. 'ग्लोबल अस्थमा नेटवर्क'च्या भारतातील पाहणीत, ज्या नऊ केंद्रांपैकी पुणे हे एक होते, गेल्या वर्षभरात छातीत घरघर झालेल्यांपैकी सुमारे ८२ टक्के व्यक्तींना दम्याचे निदान झालेले नव्हते, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून दिसून आले. या पार्श्वभूमीवर निश्चित निदान देणाऱ्या चाचणीचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. तथापि 'अधिक अचूक चाचणी कोणती?' हा प्रश्न ज्या पद्धतीने विचारला जातो, त्या पद्धतीचीच तपासणी आवश्यक ठरते.

२. चाचण्यांमागील दोन तत्त्वे

उद्दीपन चाचण्यांना वैद्यकीय व्यवहारात 'चॅलेंज टेस्ट' असे म्हणतात. त्यांचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग प्रत्यक्ष उद्दीपनाचा. यात मेथाकोलिन किंवा हिस्टामीन हे द्रव्य वाढत्या मात्रेने श्वासावाटे दिले जाते. मेथाकोलिन श्वासनलिकेच्या स्नायूंवरील ग्राहींवर थेट कार्य करते आणि स्नायू आकुंचन पावतात. पहिल्या सेकंदात बाहेर टाकल्या जाणाऱ्या हवेचे आकारमान, म्हणजे 'एफईव्ही-१', मूळ मापाच्या २० टक्क्यांनी घटेल तेव्हाची मात्रा नोंदविली जाते. ही मात्रा जितकी कमी, तितका श्वासमार्ग अधिक संवेदनशील.

दुसरा वर्ग अप्रत्यक्ष उद्दीपनाचा. व्यायाम, मॅनिटॉलची भुकटी आणि ४.५ टक्के मिठाचे पाणी ही त्याची प्रमुख उदाहरणे होत. येथे स्नायूंवर थेट आघात होत नाही. श्वासमार्गाच्या अस्तरावरील पाण्याचा थर आटतो किंवा अधिक खारा होतो, त्यामुळे तेथील दाहपेशींतून हिस्टामीन, ल्युकोट्राईन यांसारखी द्रव्ये बाहेर पडतात आणि मग नलिका आकसतात. दाहपेशी सक्रिय नसतील तर प्रतिक्रिया क्षीण राहते.

या भेदाचा अर्थ स्पष्ट आहे. मेथाकोलिन चाचणी 'या मुलाचा श्वासमार्ग आकसण्याची क्षमता किती?' असे विचारते, तर अप्रत्यक्ष चाचणी 'या श्वासमार्गात आकसण्याचे कारण आज उपस्थित आहे काय?' असे विचारते. दोन वेगळ्या प्रश्नांच्या उत्तरांना एकाच मापाने गुण देणे हा तुलनात्मक लेखनातील पहिला दोष होय.

३. चार चाचण्यांची तुलना

मेथाकोलिन चाचणीचे बलस्थान तिच्या नकारार्थी उत्तरात आहे. ज्या मुलाला सध्या लक्षणे आहेत आणि ज्याने दाहशामक पंप घेतलेला नाही, त्याची चाचणी नकारार्थी आली तर दमा असण्याची शक्यता बरीच कमी होते. होकारार्थी उत्तर मात्र तितके बोलके नसते. ॲलर्जिक सर्दी असलेल्या किंवा नुकताच श्वसनमार्गाचा संसर्ग होऊन गेलेल्या मुलांतही ती होकारार्थी येऊ शकते. शिवाय शुद्ध औषध, मोजून फवारा देणारे उपकरण आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ यांची गरज असल्याने ती मोठ्या रुग्णालयांपुरती मर्यादित राहते.

व्यायाम चाचणी मुलाच्या तक्रारीच्या सर्वांत जवळची आहे. 'पळाले की खोकतो' हे आईचे वाक्यच येथे प्रयोगात उतरते. सहा ते आठ मिनिटे धावपट्टीवर किंवा सायकलीवर, हृदयगती कमाल मर्यादेच्या ८० ते ९० टक्क्यांपर्यंत नेऊन, त्यानंतर सुमारे अर्धा तास ठरावीक अंतराने एफईव्ही-१ मोजले जाते. दम्याशी तिचे नाते निकट असल्याने होकारार्थी उत्तराला वजन असते. तथापि सौम्य दमा असलेली अनेक मुले तिच्यातून निसटतात आणि परिश्रम पुरेसा झाला नाही तर उत्तर निरर्थक ठरते.

मॅनिटॉल चाचणी सिडनी येथील सँड्रा अँडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली मांडली. कोरड्या भुकटीच्या कॅप्सूल ५ मिलिग्रॅमपासून चढत्या क्रमाने, एकूण ६३५ मिलिग्रॅमपर्यंत ओढावयास दिल्या जातात. एफईव्ही-१ मध्ये १५ टक्के घट झाली, किंवा लागोपाठच्या दोन मात्रांमध्ये १० टक्के घट झाली, तर चाचणी होकारार्थी मानतात. धावपट्टी लागत नाही, ही तिची सोय. परंतु भुकटीने खोकला येतो, आणि लहान मुले वारंवार श्वास फुंकून कंटाळतात.

तीव्र मिठाच्या पाण्याची चाचणी सर्वांत साधी आहे. शरीरातील द्रवांच्या पाचपट, समुद्राच्या पाण्याहूनही खारट असे पाणी फवाऱ्याने वाढत्या वेळासाठी दिले जाते आणि १५ टक्के घट ही सीमा धरली जाते. स्वस्त आणि वाहून नेण्यास सोपी असल्याने जगभरच्या शालेय पाहण्यांसाठी तिचीच निवड झाली. या निवडीतूनच पुढील महत्त्वाचा पुरावा हाती आला.

४. मुंबईच्या मुलांचा आकडा

बालपणातील दमा आणि ॲलर्जी यांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास, अर्थात 'आयझॅक', १९९१ साली सुरू झाला. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात निरनिराळ्या देशांतील शालेय वयाच्या मुलांवर ४.५ टक्के मिठाच्या पाण्याची चाचणी एकाच पद्धतीने करण्यात आली. भारतातील केंद्र मुंबई हे होते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार चाचणी होकारार्थी येण्याचे प्रमाण एस्टोनियातील टॅलिन येथे २.१ टक्के, तर मुंबईत ४८ टक्के होते. गेल्या वर्षभरात घरघर झाल्याचे प्रमाण मात्र अल्बानियातील तिराना येथे ४.४ टक्के, तर न्यूझीलंडमधील हॉक्स बे येथे सर्वाधिक म्हणजे २१.९ टक्के होते.

हे आकडे शेजारी ठेवून वाचले तर एक गोष्ट लपत नाही. घरघरीचे प्रमाण कोणत्याच केंद्रात २२ टक्क्यांवर गेले नाही, म्हणजे मुंबईत होकारार्थी ठरलेल्या मुलांपैकी, ढोबळ हिशेबाने, निम्म्याहून अधिक मुलांना वर्षभरात घरघर झालेली नव्हती. मुंबईतील प्रत्येक दुसरे मूल दम्याचे रुग्ण आहे, असे कोणताही बालरोगतज्ज्ञ म्हणणार नाही. तेव्हा या शहराच्या बाबतीत प्रतिक्रियाशीलता आणि दमा यांचे समीकरण मोडले आहे, असेच म्हणावे लागते. श्वासनलिकांचा लहान व्यास, वारंवार होणारे संसर्ग, प्रदूषित हवा किंवा फुंकण्याच्या तंत्रातील फरक, अशी अनेक कारणे संभवतात. त्यांपैकी कोणतेही खरे असले तरी एक निष्कर्ष टळत नाही : १५ टक्क्यांची सीमा सर्व देशांसाठी सारखी ठेवली तरी तिचा अर्थ सर्वत्र सारखा राहत नाही.

टिटवाळा मुंबईपासून लोहमार्गाने ६४ किलोमीटर अंतरावर आहे. मुंबईचे प्रमाण येथे जसेच्या तसे लागू करता येणार नाही. परंतु टॅलिनचे प्रमाण लागू करण्यास तर त्याहून कमी आधार आहे.

५. हवेतील पाण्याचा प्रश्न

मिठाच्या पाण्याची चाचणी या प्रदेशात अधिक मुलांना होकारार्थी ठरविण्याचा धोका पत्करते, तर व्यायाम चाचणी नेमकी उलट दिशेने चुकू शकते. तिचे कारण हवेत आहे. व्यायामात श्वासमार्ग आकसतो तो प्रामुख्याने अस्तरातील पाणी बाष्परूपाने निघून गेल्यामुळे. म्हणून चाचणीच्या वेळी आत घेतली जाणारी हवा कोरडी असावी, तिच्यात प्रतिलिटर १० मिलिग्रॅमपेक्षा कमी बाष्प असावे, अशी अट मानकांत घातलेली आहे.

ही अट कोकणपट्टीतील हवेला लावून पाहावी. फुप्फुसांपर्यंत पोहोचताना हवा शरीराच्या तापमानाला पूर्ण संपृक्त होते आणि तिच्यात प्रतिलिटर सुमारे ४४ मिलिग्रॅम पाणी असते. पावसाळ्यात २८ अंश सेल्सिअस तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर बाहेरच्या हवेत आधीच सुमारे २३ मिलिग्रॅम बाष्प असते. म्हणजे श्वासमार्गाला प्रतिलिटर केवळ २१ मिलिग्रॅमची भर घालावी लागते. मानकाच्या १० मिलिग्रॅमच्या हवेत हीच भर ३४ मिलिग्रॅम असते. उद्दीपनाची मात्राच सुमारे एकतृतीयांशाहून अधिक घटते. हिवाळ्यात २० अंश आणि ५० टक्के आर्द्रतेच्या हवेत बाष्प ९ मिलिग्रॅमच्या आत येते आणि तीच चाचणी मानकाच्या अटीत बसते.

याचा व्यावहारिक अर्थ असा की जुलै महिन्यात शाळेच्या पटांगणावर किंवा रुग्णालयाच्या खुल्या व्हरांड्यात धावलेल्या मुलाची नकारार्थी चाचणी 'दमा नाही' असे सांगत नाही. तेच मूल जानेवारीत धावले असते तर उत्तर बदलू शकले असते. वातानुकूलित, आर्द्रता नियंत्रित खोली किंवा कोरड्या हवेचा सिलिंडर असेल तरच ऋतूचा हा परिणाम टळतो. चाचणीच्या अहवालावर तापमान आणि आर्द्रता नोंदविलेली नसेल तर तो अहवाल अर्धा आहे, असे समजणे योग्य होय. मॅनिटॉल आणि मिठाचे पाणी यांचे उद्दीपन बाहेरच्या बाष्पावर अवलंबून नसते, हा त्यांचा या प्रदेशातील खरा लाभ आहे. परंतु तुलनात्मक तक्त्यांत तो क्वचितच नोंदला जातो.

६. तुलनेच्या पद्धतीतील दोष

हवामानाव्यतिरिक्त आणखी दोन दोष लक्षात घेण्याजोगे आहेत. पहिला दोष चक्राकार युक्तिवादाचा. चाचणीची अचूकता ठरविण्यासाठी ज्याला दमा आहे असे 'खरे' मूल हवे. हे खरेपण बहुधा तज्ज्ञाच्या मतावर ठरते, आणि त्या तज्ज्ञाने अनेकदा तीच किंवा तत्सम चाचणी आधी पाहिलेली असते. साक्षीदार आणि न्यायाधीश एकच असल्यावर निकाल अनुकूल लागणारच.

दुसरा दोष गटाच्या निवडीचा. पुढील उदाहरण केवळ हिशेबासाठी घेतले आहे. एखाद्या चाचणीची संवेदनशीलता ९० टक्के आणि विशिष्टता ८० टक्के आहे असे मानू. विशेषज्ञाकडे आलेल्या १०० मुलांपैकी ६० जणांना दमा असेल, तर ५४ मुले योग्य रीतीने आणि ८ मुले चुकीने होकारार्थी ठरतील. होकारार्थी अहवाल दहांपैकी जवळजवळ नऊ वेळा खरा असेल. तीच चाचणी शाळेतील १००० मुलांवर केली आणि त्यांत ५० मुलांना दमा असला, तर ४५ योग्य आणि १९० चुकीचे होकारार्थी अहवाल येतील. आता पाचांपैकी चार अहवाल खोटे असतील. चाचणी तीच, यंत्र तेच, तंत्रज्ञही तोच. बदलली ती फक्त दारात उभी असलेली मुले. मोठ्या रुग्णालयांत सिद्ध झालेली अचूकता शाळेच्या शिबिरात उसनी आणता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

७. मार्गदर्शक सूचनांतील विसंगती

प्रमाणभूत मानल्या जाणाऱ्या सूचनांतही एकवाक्यता नाही. युरोपीय श्वसन संस्थेने ५ ते १६ वर्षे वयाच्या मुलांसाठी २०२१ साली दिलेल्या सूचनांत श्वसनमापन, पंपानंतरची सुधारणा आणि उच्छ्वासातील नायट्रिक ऑक्साईड या चाचण्या प्रथम ठेवल्या आहेत. निदान अनिश्चित राहिल्यास मेथाकोलिन आणि व्यायामाशी निगडित लक्षणे असल्यास व्यायाम चाचणी सुचविली आहे. केवळ लक्षणांवरून निदान करू नये, असेही तेथे म्हटले आहे. ब्रिटनमधील २०२४ च्या संयुक्त सूचनांत उद्दीपन चाचणी क्रमाच्या अखेरीस येते. नायट्रिक ऑक्साईडची सीमा युरोपीय सूचनांत २५, तर ब्रिटिश सूचनांत ३५ आहे. फुंकण्याच्या कमाल वेगातील दैनंदिन चढउताराची सीमा युरोपीय सूचनांत १२ टक्के, 'जिना' या जागतिक उपक्रमात मुलांसाठी १३ टक्के आणि ब्रिटिश सूचनांत २० टक्के आहे. व्यायामानंतरच्या घटीबाबत युरोपीय सूचना १० टक्के म्हणतात, तर 'जिना' मुलांसाठी १२ टक्के म्हणते.

ही विसंगती शास्त्राचा पराभव दर्शवीत नाही. सीमामूल्य हे निसर्गात सापडणारे सत्य नसून, किती मुले चुकवायची आणि किती उगाच पकडायची याचा तो तडजोडीचा निर्णय आहे, एवढेच ती दाखविते. हा निर्णय लंडनसाठी लंडनमध्ये झाला. ठाणे जिल्ह्यासाठी तो अद्याप व्हावयाचा आहे.

८. टिटवाळ्यातील मुलासाठी क्रम

उपरोक्त विवेचनावरून टिटवाळा परिसरातील मुलासाठी पुढील क्रम तर्कसंगत ठरतो. प्रथम काळजीपूर्वक विचारलेला इतिहास : खोकला रात्री वाढतो काय, कोणत्या ऋतूत वाढतो, धावल्यावर किती मिनिटांनी येतो, घरात चूल किंवा धूम्रपान आहे काय. त्यानंतर फुंकण्याचा वेग मोजणारे साधे पीक फ्लो मीटर घरी देऊन दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ नोंदवही ठेवणे. हे उपकरण स्वस्त आहे आणि मुलाच्या स्वतःच्या हवेत, स्वतःच्या अंथरुणाजवळ चढउतार पकडते. तिसरी पायरी पंपाच्या आधी व नंतर केलेल्या श्वसनमापनाची. एफईव्ही-१ मध्ये १२ टक्के वाढ दिसली तर निदानाला बळकट आधार मिळतो आणि मुलाला मुद्दाम धाप लावण्याची गरजच उरत नाही.

एवढे करूनही शंका उरल्यास उद्दीपन चाचणीचा विचार करावा. तिची निवड शंकेच्या स्वरूपावरून व्हावी. तक्रार धावण्याशीच निगडित असेल तर व्यायाम चाचणी, तीही हिवाळ्याच्या कोरड्या दिवसांत किंवा नियंत्रित हवेच्या खोलीत. दमा नाही हे सिद्ध करावयाचे असेल, उदाहरणार्थ वर्षानुवर्षे विनाकारण पंप घेणाऱ्या मुलाचा पंप थांबविण्यापूर्वी, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली दाहशामक औषध पुरेसा काळ बंद असताना केलेली मेथाकोलिन चाचणी. मिठाच्या पाण्याचा किंवा मॅनिटॉलचा होकारार्थी अहवाल या प्रदेशात एकट्याने निर्णायक मानू नये. चाचणी कोणतीही असो, मूळ श्वसनमापन पुरेसे चांगले असल्याशिवाय ती करू नये. तत्काळ आराम देणारा पंप चाचणीपूर्वी काही तास डॉक्टरांच्या सांगण्यानुसार बंद ठेवलेला असावा, आणि प्राणवायू, साल्ब्युटामॉल व डॉक्टर त्याच खोलीत असावेत. पाच वर्षांखालील मुलांना बहुधा विश्वासार्ह रीतीने फुंकता येत नसल्याने त्यांच्याबाबत इतिहास आणि उपचाराचा प्रतिसाद यांवरच भिस्त ठेवावी लागते.

९. निष्कर्ष

श्वासमार्ग-उद्दीपन चाचण्यांमध्ये एक श्रेष्ठ आणि इतर कनिष्ठ अशी उतरंड लावता येत नाही. एकाच प्रदेशात मिठाचे पाणी निरोगी मुलांनाही होकारार्थी ठरवू शकते आणि पावसाळी हवेतील व्यायाम दमेकरी मुलालाही निर्दोष ठरवू शकतो. म्हणून चाचणीची तुलना करताना ती कोणता प्रश्न विचारते, कोणत्या हवेत विचारते आणि कोणत्या मुलांना विचारते, या तीन बाबी नोंदविणे अनिवार्य ठरते. ठाणे जिल्ह्यातील निरोगी शालेय मुलांची प्रतिक्रिया पावसाळा आणि हिवाळा अशा दोन्ही ऋतूंत मोजणारा पद्धतशीर अभ्यास हाती घेतला गेल्यास स्थानिक सीमामूल्ये निश्चित करता येतील. तोपर्यंत अहवालावरील टक्केवारी हा निकाल न मानता इतर पुराव्यांबरोबर वाचावयाचा एक पुरावा मानणे इष्ट होय. पळाल्यावर खोकणाऱ्या मुलाला मैदानातून बाहेर काढणे हा निदानाचा हेतू नाही. योग्य औषध देऊन त्याला पुन्हा मैदानात धाडणे, हाच तो हेतू आहे.